पाठीवरचे ओझे ट्रॉलीत गेले, पण संपले नाही



आपल्या गावातील साठी ओलांडलेल्या कोणत्याही माणसाला कंबरेविषयी विचारून पाहा. बहुतेक जण हात मागे नेऊन एकच जागा दाखवतील. हे दुखणे पोत्यांनी दिलेले आहे. पूर्वी भाताचे, साखरेचे पोते क्विंटलाच्या घरात असे, आणि एकच गडी ते पाठीवर घेऊन फळीवरून गाडीत चढवी. त्यात मर्दुमकी मानली जाई. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९६७ साली अशी शिफारस केली की, धडधाकट पुरुष कामगारावरही ५५ किलोंपेक्षा अधिक ओझे देऊ नये, आणि स्त्रियांना व मुलांना त्याहून पुष्कळच कमी द्यावे. त्याच वर्षी झालेल्या ओझ्यासंबंधीच्या कराराला आपल्या देशाने २०१० साली मान्यता दिली. आता सिमेंट आणि साखर ५० किलोंच्या पोत्यात येते. तेही हलके नव्हे, पण निदान माणसाच्या मापाचे आहे.

मात्र आपल्या पाठीला खरी सुटी दिली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने. ५० किलोंची शंभर पोती, म्हणजे पाच टन माल, ती एका खेपेत नेते. शेणखत, चिरे, वाळू, ऊस काहीही भरा. जॅक लावलेली ट्रॉली असेल तर एक लिव्हर ओढताच सगळा माल मागे ओततो आणि फावड्याला हातही लावावा लागत नाही. बेळगाव, खानापूर, चिकोडी भागात गाळपाच्या हंगामात रस्त्यावर उभे राहिले तर घटकाभरात किती ट्रॉल्या जातात ते मोजून पाहा.

पण एक गोष्ट आपण विसरतो. ट्रॉलीत टाकल्याने पाच टनांचे चार टन होत नाहीत. पाठीवर असताना ते ओझे पन्नास पन्नास किलोंनी वाटलेले होते आणि कोठे टेकवायचे ते वाहणारा स्वतः ठरवीत होता. आता सगळे एकत्र आले आहे, आणि ते एका पिनेवर, एका उतारावर किंवा बोटभर जाडीच्या तेलाच्या नळीवर अवलंबून आहे. यंत्र ओझे उचलते, पण ते पडेल तेव्हा खाली कोण उभे आहे हे यंत्र पाहत नाही. ते आपल्यालाच पाहावे लागते. म्हणून या वेळी एका साध्या ट्रॉलीची दिवसभराची कामे घेऊन बोलू. मळणी यंत्राच्या फिरत्या दांड्याचा विषय मोठा आहे. तो पुन्हा कधीतरी.

पिन लावताना

माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचे पेर अर्धे आहे. पुष्कळांना वाटते विळ्याने गेले. ते ट्रॉलीच्या पिनेने गेले. ट्रॅक्टर मागे घेणारा माझाच भाऊ होता. मी मध्ये उभा राहून ट्रॉलीची दांडी हाताने उचलून धरली होती आणि "ये, ये, अजून ये" असे ओरडत होतो. त्याचा पाय क्लचवरून निसटला. ट्रॅक्टर जेमतेम वीतभर मागे आला असेल. बोटावर निभावले हे नशीब, कारण त्याच जागी माझी छातीही होती.

चूक भावाची नव्हती. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामध्ये माणूस उभा असताना ट्रॅक्टर चालू गिअरमध्ये होता, ही चूक होती, आणि ती आमच्या दोघांची होती. नियम अगदी सोपा आहे. ट्रॅक्टर मागे येत असेपर्यंत मध्ये कोणीही जायचे नाही. मदतनीसाने बाजूला, चालकाला दिसेल अशा जागी उभे राहून हाताने खूण करावी. ट्रॅक्टर थांबला, गिअर न्यूट्रल झाला, हातब्रेक लागला आणि चालकाने "ये" म्हटले की मगच आत जाऊन पिन टाकावी. जुळणी दोन बोटांनी चुकली असेल तर पुन्हा बाहेर यावे, पुन्हा ट्रॅक्टर हलवावा. यात दोन मिनिटे जातात. दांडी हाताने उचलून धरण्याऐवजी तिच्याखाली पायाचा स्टँड किंवा लाकडी ठोकळा असावा.

पिनेची गोष्ट निघालीच आहे तर तिच्याकडेही पाहू. अनेक ठिकाणी मूळ पिन हरवल्यावर तेथे सळईचा तुकडा किंवा जुना बोल्ट घातलेला दिसतो. खाली अडकवायची क्लिप तर दहांत एखाद्याच ट्रॉलीला असते. खड्ड्यात चाक आदळले की सैल पिन वर उडते आणि भरलेली ट्रॉली सुटी होते. भोकात नीट बसणारी जाड पिन, खाली क्लिप, आणि शिवाय दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत एक आडवी साखळी, एवढे असले तर पिन गेली तरी ट्रॉली रस्त्यावर मोकाट सुटत नाही.

दोन चाकांच्या ट्रॉलीत माल भरण्याची रीतही येथेच सांगतो. जास्त माल मागे भरला तर ट्रॉली तराजूसारखी मागे झुकते आणि दांडी वर उचलू पाहते. ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात, चढाला घसरतात. अशा वेळी कोणी पिन काढली तर दांडी उसळून सरळ हनुवटीवर बसते. म्हणून माल चाकांच्या किंचित पुढे अधिक असावा. उतरवतानाही ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच असू द्यावी. सुटी ट्रॉली पुढून रिकामी करीत गेले की शेवटी मागच्या पोत्यांच्या भाराने ती उलटते, आणि पोती घ्यायला उभे असलेले गडी नेमके मागेच असतात. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायला तर विसरूच नये.

चिखलात आणि चढाला

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, आयर्लंडच्या शेतीखात्याने हॅरी फर्ग्युसन नावाच्या यंत्रज्ञाला शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर नीट चालतात की नाही हे पाहण्याच्या कामावर नेमले होते. त्या काळी नांगर ट्रॅक्टरला नुसता साखळीने ओढत. जमिनीत दगड लागून नांगर अडला की ट्रॅक्टरचे तोंड वर उठे आणि तो मागे उलटून चालकाला खाली घेई. त्यावर विचार करकरून फर्ग्युसनने नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जोडण्याची पद्धत काढली. आज आपल्या ट्रॅक्टरच्या मागे दोन खालच्या दांड्या आणि वरची टॉप लिंक दिसते, ती त्याचीच देणगी. आपण मात्र काय करतो? ट्रॉली चिखलात रुतली की साखळी त्याच टॉप लिंकच्या जागी, उंचावर बांधतो, आणि १९१७ सालचा धोका पुन्हा घरी आणतो.

असे का होते ते समजून घ्या. इंजिन मागचे चाक फिरवते. चाक मोकळे असेल तर ते फिरते आणि ट्रॅक्टर पुढे जातो. पण चाक चिखलात घट्ट बसले, किंवा कोणी शहाणपणाने चाकाला ओंडका बांधला, तर चाक फिरू शकत नाही. मग इंजिनाचा जोर चाकाऐवजी ट्रॅक्टरच्या धडालाच आसाभोवती फिरवतो. तोंड वर उठते. साखळी आसापेक्षा उंच बांधलेली असेल तर ती त्याला आणखी मागे खेचते. तोंड उठल्यापासून ट्रॅक्टर पाठीवर पडेपर्यंत दीड सेकंदही लागत नाही. पुढची चाके उठलेली चालकाच्या ध्यानात येऊन त्याचा पाय क्लचवर जाईपर्यंत वेळ संपलेली असते. "मी उडी मारीन" असे म्हणणाऱ्यांनी दीड सेकंद मोजून पाहावा.

म्हणून ओढायचे ते नेहमी खालच्या ओढदांडीला बांधून, क्लच हळूहळू सोडून. चाक रुतले असेल तर आधी मागे घेऊन पाहावे. मागेही येत नसेल तर माल उतरवावा, चाकांपुढची माती खोदावी, फळ्या टाकाव्यात. माल उतरवणे जिवावर येते हे मला ठाऊक आहे. पावसाने भिजलेली पोती चिखलात कोण उतरवणार? पण ट्रॅक्टरखालून माणूस काढणे त्याहून कठीण आहे. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढणार असाल तर दोरखंडाच्या लांबीइतके अंतर सोडून सगळ्यांना दूर करावे. ताणलेली साखळी किंवा वायररोप तुटला की तो चाबकासारखा येतो.

चालकाच्या मागे उभी राहणारी लोखंडी चौकट स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांवर सक्तीची केली, आणि पुढे तेथे ट्रॅक्टर उलटून मरणाऱ्यांचे प्रमाण फारच घटले. चौकटीबरोबर पट्टाही बांधलेला हवा. नाहीतर माणूस चौकटीबाहेर फेकला जाऊन तिच्याचखाली सापडतो. आपल्याकडे ट्रॅक्टर घेताना टेप आणि छत्री यांची चौकशी आधी होते.

चढाइतकाच उतार वाईट. ट्रॅक्टरचे वजन सुमारे दोन टन, मागे भरलेली ट्रॉली सहा-सात टन, आणि ऊसवाल्यांच्या मागे तर बहुधा दोन ट्रॉल्या. सपाटीवर ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढतो. जांबोटीकडच्या उतारावर लागला की ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलू लागते. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, असला तरी जोडलेला नसतो. मग चालकाने ट्रॅक्टरचा ब्रेक दाबला की पुढचा थांबू पाहतो, मागची थांबत नाही, आणि दोघे मिळून चाकूच्या पात्यासारखे मिटतात. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे चालक मी पाहिले आहेत. पाचपन्नास रुपयांच्या डिझेलसाठी ते इंजिनाचा ब्रेक फुकट घालवतात. उतार सुरू होण्याआधीच, तो चढायला जो गिअर लागला असता तोच टाकावा आणि खाली पोहोचेपर्यंत क्लचवर पाय ठेवू नये. शेतात वळण्यासाठी सुटे केलेले दोन ब्रेकचे पायटे रस्त्यावर येताना पट्टीने जोडले आहेत ना, हे रोज पाहावे. सुटे असताना एकच दाबला गेला तर एकच चाक धरते आणि ट्रॅक्टर रस्त्याबाहेर वळतो. आणि वेग? ताशी वीस किलोमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटते. पण त्या वेगाने ट्रॉली सेकंदाला अठरा फूट जाते. समोर वासरू दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत अठरा फूट गेलेले असतात, आणि थांबणे त्यानंतर सुरू होते.

वर उचललेला हौदा

सगळ्यांत अधिक सांगायचे आहे ते याविषयी, कारण येथे मरणारा माणूस बहुधा कामात हुशार असतो. तो ग्रीस लावायला, अडकलेले शेणखत खालून टोचायला, गळणारी नळी पाहायला, किंवा वेल्डिंग करायला उचललेल्या हौद्याखाली शिरतो. "दोन मिनिटांचे तर काम," असे म्हणतो.

हौदा वर राहतो तो लोखंडाच्या जोरावर नव्हे, तेलाच्या जोरावर. ट्रॅक्टरचा पंप नळीतून तेल जॅकमध्ये ढकलतो. तेलाने दांडा वर सारला की हौदा उठतो. खाली आणायला जोर लागत नाही. लिव्हर सोडली की तेल परत जाते आणि हौदा आपल्याच वजनाने उतरतो. म्हणजे तेल जेथून वाट मिळेल तेथून निघून गेले की हौदा खाली. नळी उन्हाने वाळून चिरलेली असेल, जोडणी सैल असेल, जॅकची सील गेलेली असेल, सीटवर चढलेल्या पोराने लिव्हर ढकलली असेल, कारण कोणतेही चालते. रिकाम्या हौद्याचे पत्रे आणि चॅनेल मिळून चार-पाच क्विंटल सहज भरतात. मान काढायला वेळ मिळत नाही.

म्हणून हौदा रिकामा करून, त्याला लोखंडी टेकू दिल्याशिवाय खाली डोकेसुद्धा घालायचे नाही. चांगल्या ट्रॉलीला कारखान्यानेच असा टेकू बसवलेला असतो. नसेल तर ट्रॉली बांधणाऱ्या फॅब्रिकेटरकडून चॅनेलचा टेकू करून घ्यावा. तो चासीला बिजागरीने कायमचा जोडलेला असावा आणि वरच्या टोकाला हौद्याच्या आडव्या पट्टीत बसण्यासाठी खाच असावी, म्हणजे घसरणार नाही. बांबू, वासा, विटांची चळत, उभे केलेले पिंप यांवर विसंबू नये. सगळेच सरळ उभ्या भाराला टिकतात असे वाटते, पण हौदा सरळ खाली येत नाही, तो बिजागरीवरून फिरत येतो आणि टेकूला बाजूला लोटतो. टेकू लावल्यावर हौदा हळूच त्यावर टेकवावा, इंजिन बंद करावे, किल्ली खिशात घालावी, आणि मग काम करावे. भरलेल्या हौद्याला मात्र टेकू देऊनही खाली जाऊ नये. टेकू रिकाम्या वजनासाठी असतो.

माल ओतताना दुसरी भीती बाजूला कलंडण्याची. हौदा वर जातो तसा भारही उंच जातो. एक चाक खड्ड्यात असेल, एका टायरात हवा कमी असेल, किंवा माल एका बाजूला जास्त भरला असेल, तर जमिनीवर असताना न जाणवणारा वीतभराचा कल वर गेल्यावर जीवघेणा होतो. ओले शेणखत किंवा चिकणमाती पुढच्या, म्हणजे आता सर्वांत उंच झालेल्या, टोकाला चिकटून बसते. खालचा माल गेला, वरचा राहिला. अशा वेळी काही चालक ट्रॅक्टर पुढे दामटून एकदम ब्रेक मारतात, म्हणजे झटक्याने माल सुटेल. माल सुटतो किंवा ट्रॉली आडवी होते. हौदा खाली आणून, वर चढून फावड्याने मोकळा करावा हेच बरे. भरतानाच तळाला थोडा वाळका पाला किंवा कोंडा पसरला तर शेणखत फारसे चिकटत नाही, हा अनुभव आहे. ट्रॉली कलू लागली तर तिला हात देऊन धरायला कोणी धावू नये. चार जणांच्या हातांनी काही क्विंटल धरता येत नाहीत. पण हे सांगूनही माणूस धावतोच, म्हणून ओतताना दोन्ही बाजूंना ट्रॉलीच्या लांबीइतकी जागा आधीच मोकळी करून ठेवावी.

मागचा फाळका हौदा उचलण्याआधी काढावा, आणि काढताना समोर न उभे राहता बाजूने खिटी सोडावी. ऊस, चिरे, वाळू फाळक्याला रेटून बसलेले असतात. खिटी सुटली की फाळका आणि माल दोन्ही एकदम येतात. माल ओतून झाला की हौदा पूर्ण खाली आणल्याशिवाय ट्रॅक्टर हलवू नये. लिव्हर विसरून, उचललेल्या हौद्यानिशी रस्त्याला लागलेले चालक आहेत, आणि पुढे रस्त्यावर विजेच्या तारा आहेत.

तारांचा हिशेब करा. अकरा फुटांचा हौदा चांगला उभा झाला की त्याचे पुढचे टोक चासीपासून आठ-साडेआठ फूट वर जाते. चासी स्वतः जमिनीपासून चार फूट. म्हणजे बारा फुटांच्या पुढे. शेतातून गेलेली ११ हजार व्होल्टची तार दोन खांबांच्या मध्ये लोंबलेली असते, उन्हाळ्यात तापून आणखी खाली येते, आणि खांब वाकला असेल तर विचारूच नका. वर रचलेल्या उसाची उंचीही अशीच पाहावी. खत कोठे ओतायचे ते आधी वर पाहून ठरवावे. तारेखाली ढीग घातला की पुढे त्या ढिगावर उभा राहणाराही तारेच्या जवळ जातो.

हौदा तारेला लागलाच तर चालकाने सीटवरच बसून राहावे. रबरी टायरांमुळे वीज लागत नाही हा गैरसमज आहे. चालक वाचतो तो एवढ्याचसाठी की तो ट्रॅक्टर आणि जमीन या दोघांना एकाच वेळी शिवत नाही. खाली उतरताना एक पाय पायरीवर आणि एक जमिनीवर टेकला की वीज त्याच्यातूनच जाते. कोणी धावून येऊन ट्रॉलीला हात लावला तर तोही जातो, आणि त्याला ओढायला आलेला तिसराही. सगळ्यांना ओरडून दूर ठेवावे, १९१२ या क्रमांकावर किंवा गावच्या वायरमनला फोन करून लाइन बंद करून घ्यावी. आग लागली तरच उतरावे, तेही दोन्ही पाय जुळवून, ट्रॅक्टरला कोठेही न शिवता बाहेर उडी टाकून, आणि मग पाय जमिनीवरून न उचलता, घासत घासत तीस-चाळीस फूट दूर जावे. मोठी पावले टाकू नयेत, कारण तारेजवळच्या जमिनीतही वीज पसरलेली असते आणि दोन पायांतील अंतर जितके जास्त तितका धक्का मोठा.

सुईच्या अग्राएवढे भोक

आता आरोग्याचे बोलू. तेलाच्या नळीला बारीक भोक पडले आणि थेंब दिसू लागले की आपण सवयीने बोट फिरवून भोक शोधतो. हे कधीही करू नका. मोटारीच्या चाकात हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दोन-सव्वादोन किलो असतो. ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकमध्ये तो दीडशे किलोंच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असतो. त्या दाबाने निघालेली बारीक चिळकांडी डोळ्यांना धड दिसत नाही, पण कातडी फोडून तेल बोटाच्या आत घालते. दिसायला काटा टोचल्यासारखा ठिपका. दुखतही फारसे नाही. रक्त नाही. मग माणूस बोट पुसून कामाला लागतो. आत गेलेले तेल बोटाच्या शिरांभोवती पसरते, काही तासांत बोट सुजून काळेनिळे पडते आणि दुखणे असह्य होते. तोपर्यंत उशीर झालेला असू शकतो. पुष्कळदा बोट, कधी हात काढावा लागतो.

असे झाले तर दुखण्याची वाट न पाहता त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे, आणि तेथे डॉक्टरांना "काटा लागला" असे नव्हे तर "ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकचे तेल दाबाने बोटात गेले आहे" असे स्पष्ट सांगावे. छोटी जखम पाहून मलमपट्टी करून घरी पाठवले जाण्याचा धोका असतो, म्हणून हे वाक्य पाठ असावे. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा तुकडा नळीजवळून फिरवावा. भोक असेल तेथे त्यावर तेल उमटते. आणि नळी सोडण्यापूर्वी हौदा खाली आणून, इंजिन बंद करून, लिव्हर मागेपुढे हलवून दाब उतरवावा.

बोट चेंगरले किंवा तुटले तर जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे आणि हात उंच ठेवावा. हळद, चुना, चहापूड, डिझेल काही लावू नये. डॉक्टरांना ते सगळे आधी खरवडून काढावे लागते. तुटलेला तुकडा टाकू नये. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तुकडा सरळ बर्फावर ठेवला तर तो गोठून निकामी होतो. माझ्या बोटाच्या वेळी हे कोणालाच ठाऊक नव्हते. ते पेर शेतातच राहिले. धनुर्वाताचे इंजेक्शन मात्र त्याच दिवशी घेतले होते, तेही आईने हट्ट धरला म्हणून.

कोणी हौद्याखाली सापडला तर घाबरून लिव्हरशी झटापट करू नये. एकाने १०८ ला फोन लावावा. दुसऱ्याने हौदा आणखी खाली येऊ नये म्हणून आधी दोन्ही बाजूंना ठोकळे सारावेत, मग हौदा हळू उचलावा आणि उचलत जाईल तसे ठोकळे वाढवत जावे, नाहीतर तोच हौदा दुसऱ्यांदा खाली येतो. माणूस बाहेर काढताना पाठ आणि मान वळू देऊ नये, फळीवर घेऊन सरळ ठेवावे, पाणी पाजू नये.

राहता राहिली माणसे वाहण्याची गोष्ट. फेस्ताला, लग्नाला, बाजाराला जाताना ट्रॉलीत पन्नास माणसे बसतात आणि दोन पोरे मडगार्डवर, एखादा दांडीवर उभा. कायद्याने याला बंदी आहे, विमाही बहुधा हात वर करतो, तरीही आपण जातो, कारण दुसरे वाहन परवडत नाही किंवा मिळत नाही. तेव्हा निदान एवढे तरी पाळता येईल: दांडीवर आणि मडगार्डवर कोणीही नाही. दांडीवरून पाय घसरला की माणूस ट्रॉलीच्या चाकापुढेच पडतो; तेथे दुसरी जागाच नाही. पोरांना ट्रॅक्टरवर बसायची फार हौस असते, आणि आपणच कौतुकाने त्यांना मांडीवर घेतो. एक धक्का बसला की मांडीवरचे पोर मागच्या चाकाच्या पुढे जाते. अंधारात परतायचे असेल तर ट्रॉलीच्या मागच्या बाजूला लाल परावर्तक पट्टी असावी. दिवा बंद पडला, ट्रॉली रस्त्यात उभी राहिली, तरी मागून येणाऱ्याच्या उजेडात ती पट्टी चमकते. स्पेअर पार्टच्या दुकानात ती मिळते; फळा स्वच्छ पुसून, चिखल वाळल्यावर चिकटवावी, म्हणजे लवकर निघत नाही.